मंग तो काय म्हनते?

बोलता बोलता तुम्ही क्षणभर अडलात की भाऊंचा डावा तळवा तोंडाशी जायचा, मान जरा पुढे यायची आणि तुमचं पुढचं वाक्य ते कुजबुजत तुम्हाला पुरवायचे. वर म्हणायचे, "हं, पुढं घ्या." ते वाक्य तुमचंच असेल याची मात्र खात्री नसायची. एकदा राजुऱ्याच्या बाजारात मी भाजीवालीला "बाई, ही मेथी..." म्हणून थबकलो, तर मागून आवाज आला, "मेथी नव्हे, हे माझ्या काळजाचे तुकडे आहेत. हं, पुढं घ्या." बाईने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि जुडी परत टोपलीत ठेवली.

पण कधी कधी नेम बरोबर लागायचा. आमच्या गल्लीतला एक म्हातारा वारला, तेव्हा त्याच्या मुलाला शब्दच फुटेना. नुसता दाराशी उभा. भाऊ हळूच त्याच्या मागे गेले आणि कानाशी काहीतरी बोलले. "बाबा, आता रागवाले कोन आहे मले?" असं म्हणून तो मुलगा जो रडायला लागला, तो मग थांबेना. आम्ही सगळेच रडलो. भाऊ बाजूला जाऊन सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसले.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर भाऊंचा धंदा एव्हाना ओळखला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. वडस्याच्या नाटक कंपन्या आज या गावात, उद्या त्या गावात. नट आयत्या वेळी गाडीतून उतरतात, तोंडाला रंग फासतात आणि उभे राहतात. तालीम नावालाच. प्रॉम्प्टर पुढून वाक्य टाकतो, नट ते उचलतो आणि असं फेकतो की शेवटच्या रांगेतली म्हातारी डोळ्यांना पदर लावते. भाऊंनी सगळी हयात अशी वाक्यं टाकण्यात घालवली होती. त्यामुळे कुणीही गप्प झालं की त्यांना एकच शंका यायची, की हा विसरला.

मी त्यांना ओळखायला लागलो तोवर ते वडसा सोडून राजुऱ्याला आले होते. हंगामात एखाद्या लहान कंपनीबरोबर जायचे, उरलेले महिने एका मंडपवाल्याकडे माइकचं काम बघायचे. माझ्या खोलीला लागून त्यांची खोली. मधली भिंत अशी पातळ की त्यांनी पलीकडे जांभई दिली की मला इकडे झोप यायची.

आता माझी ओळख करून देणं भाग आहे, आणि ती फारशी भूषणावह नाही. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. कॉलेज सुटलं की घरी येऊन, दार लावून, मोबाईलवरच्या एका कथांच्या ॲपवर प्रेमकथा लिहितो. दोन पुरुषांच्या. मी स्वतः पुरुषावर प्रेम करणारा पुरुष आहे; हे राजुऱ्यात फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते "सरांचं लग्न जमून नाई राह्यलं" असं म्हणून विषय मिटवतात. ॲपवर माझं नाव 'मोहफूल'. वाचक बहुतेक बायका. कुणी सांगलीची, कुणी डोंबिवलीची. त्या मला मोहफूलताई म्हणतात. मी तो समज कधी दूर केला नाही. कौतुक ताईचं असलं तरी ते खायला मीच होतो ना.

मला लिहिताना संवाद मोठ्याने म्हणायची खोड आहे. एका संध्याकाळी असाच खोलीत येरझारा घालत म्हणत होतो, "अर्णव, तू गेल्यापासून हे घर... हे घर..." पुढे काही सुचेना. आणि भिंतीतून आवाज आला, "हे घर मला खायला उठतं. हं, पुढं घ्या."

अर्णव हे काही बाईचं नाव नव्हे, आणि बोलणारा माझा नायक विराजही बाई नव्हे. उद्या कॉलेजात काय होईल, घरमालक काय म्हणेल, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात दारावर थाप पडली. भाऊ खर्र्याची पुडी घेऊन उभे.

"सर, दुसरा पन पुरुषच आहे ना जी?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मलाही कळलं नाही.

"तसं अगुदर सांगा ना मंग. मी बाईचा आवाज काढून राह्यलो होतो."

असे भाऊ माझे पहिले श्रोते झाले. दर भाग ॲपवर टाकण्याआधी मी त्यांना वाचून दाखवायचो. त्यांच्या सूचना मानायच्या म्हटल्या तर माझी कथा चार अंकी नाटकच झाली असती. प्रत्येक भागात एक गाणं हवं. एक विनोदी नोकर हवा, आणि तो तोतरा हवा. विराजची आई आजारी हवी आणि तिने मरताना दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायला हवेत. मी नाही म्हटलं की ते नाराज व्हायचे. मीही त्यांचं फारसं ऐकून घेत नसे. मी एका ऑनलाइन कार्यशाळेत 'व्यक्तिरेखा कशी फुलवावी' हे शिकून आलो होतो. प्रमाणपत्र होतं माझ्याकडे.

तरी त्यांच्या काही तक्रारींपुढे माझं काही चालत नसे. माझी कथा गडचिरोलीच्या जंगलात, आलापल्लीत घडत होती. विराज तिथल्या लाकूड डेपोत कामाला. मी तिथे धुकं घातलं होतं आणि देवदार लावले होते. भूगोलाचा मास्तर मी!

"आलापल्लीले देवदार?" भाऊ म्हणाले. "सर, पोराइले शिकवता ना तुमी?"

देवदार काढून साग लावला. मग मी त्या दोघांना उन्हाळ्यातल्या सागवनात चोरून भेटवलं. भाऊंनी ते ऐकून कपाळाला हात लावला. "सागाच्या वाळल्या पानावर पाय पडला का कसा आवाज येते मालूम आहे का? अन् हे दोघं त्याच्यावर लोळून राह्यले. अर्ध्या आलापल्लीले ऐकू गेलं असन." तो प्रसंग मी नदीकाठच्या वाळूत हलवला.

हसत खेळत चाललेल्या या बैठका बिघडल्या त्या अर्णवमुळे. आणि अर्णव बिघडला तो माझ्यामुळे.

झालं असं होतं, की माझा एक माणूस होता. कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यात कामाला. बरीच वर्षं आमचं बरं चाललं होतं. रविवारी तो मोटारसायकलवर राजुऱ्याला यायचा, आम्ही वांग्याची भाजी करायचो, भांडायचो, तो परत जायचा. मग मला कळलं की त्याचं नागपूरच्या एकाशी जमलंय. कसं कळलं ते सांगत नाही, कारण त्यात मी त्याचा मोबाईल उघडला होता. मी त्याला काही बोलू दिलं नाही. त्याचे फोन उचलले नाहीत. चारचौघांत रडायची सोय नव्हती. कोरपन्याचा माणूस सोडून गेला म्हणून कुणापुढे रडणार? मी घरी आलो आणि अर्णवला बदफैली करून टाकलं.

काय सुख होतं त्यात, म्हणून सांगू! अर्णवने विराजला फसवलं, त्या दिवशी माझ्या कथेवर प्रतिक्रियांचा पाऊस पडला. सांगलीच्या बाईंनी त्याला नीच म्हटलं. डोंबिवलीच्या बाईंनी तर त्याच्या सात पिढ्या काढल्या. मी त्या शिव्या जेवताना वाचायचो. नुसत्या वरणभातालाही चव यायची. मग मला चटकच लागली. पुढच्या भागात अर्णव खोटं बोलला. त्याच्या पुढच्या भागात त्याने विराजच्या आईच्या औषधाची बाटली फोडली. शेवटी त्याने जाता जाता एका कुत्र्याला लाथ मारली. त्या भागावर जे प्रेम मला मिळालं, ते आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

भाऊ मात्र प्रत्येक भाग संपला की एकच विचारायचे.

"मंग तो काय म्हनते?"

"कोण?"

"तो पोट्टा. अर्णव. पकडल्या गेल्यावर काय म्हनते तो?"

"तो काय म्हननार भाऊ? त्याले काही म्हनाले जागाच नाई राह्यली."

"असं कसं जी? खलनायकाले पन वाक्य असते. त्याले उभंच करून ठेवलं तुमी. अन् कुत्र्याले कायले मारलं त्यानं?"

मी त्यांना समजावून सांगायचो, की यालाच व्यक्तिरेखेचा विकास म्हणतात. माणूस हळूहळू खाली घसरतो. पात्राचा प्रवास असतो तो.

"प्रवास!" भाऊ म्हणायचे. "टेकाडावरून टायर सोडल्यावानी तो प्रवास. टायरले तोंड असते का?" आणि परत तेच. "तो काय म्हनते, तेवढं लिवा ना जी."

त्यांच्या या हट्टाचा मी माझ्या सोयीने अर्थ लावला. भाऊंच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक फोटो होता. तरुण भाऊ आणि पेटीपुढे बसलेला एक देखणा माणूस. "आमचे पेटीमास्तर," एवढंच ते म्हणायचे. पण नाटकवाल्या एकाकडून मला कळलं होतं की दोघं वडस्याला वर्षानुवर्षं एका घरात राहत. कुणी त्याला नाव दिलं नव्हतं. 'जोडी आहे' म्हणायचे आणि जेवायला बोलावताना दोघांना बोलवायचे. मग कधीतरी ते तुटलं आणि भाऊ राजुऱ्याला आले. मी हिशोब केला: म्हणजे पेटीमास्तरने भाऊंना फसवलं. भाऊ माझ्यासारखेच. बिचारे!

त्या दिवसापासून मी भाऊंवर करुणेचा मारा सुरू केला. त्यांना खर्रा आणून द्यायचो. चहात साखर जास्त घालायचो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, "भाऊ, ज्याचं जळते त्यालेच कळते." ते माझ्याकडे बघायचे आणि खर्रा घोटत राहायचे. मला वाटायचं, गहिवरलेत.

वाचकांची मागणी वाढत गेली आणि मी अर्णवला मारायचं ठरवलं. कोरपन्याच्या रस्त्यावर सिमेंटच्या ट्रकखाली. जागा मी निवडून काढली होती. एका रविवारी दुपारी भाऊंना तो भाग वाचून दाखवला. आवाजात चढउतार केले, ट्रकच्या ब्रेकचा आवाजही काढला. विराज प्रेतापाशी येतो, बघतो आणि काही न बोलता निघून जातो, इथे मी वाचन संपवलं आणि टाळीची वाट बघत राहिलो.

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

"मेला?"

"मेला."

"बोलला नाई पन." ते उठले. दारात थांबून परत म्हणाले, "मेला, पन बोलला नाई." आणि गेले.

त्यानंतर ते आलेच नाहीत. मी मुद्दाम मोठ्याने वाक्यं म्हणायचो, अडायचो, भिंतीकडे बघायचो. पलीकडून साधा खोकलाही येत नसे. मला आधी राग आला. इतक्या वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या भागाचं यांना काय एवढं! मग राग ओसरला आणि करमेना. शेवटी एका दुपारी मीच त्यांच्या दारात गेलो.

"भाऊ, काऊन येऊन नाई राह्यले? मले समजते तुमचं दुःख. तुमाले मास्तरानं फसवलं, अन् मी तसल्याच मानसाची गोष्ट..."

"मास्तरानं?" भाऊ म्हणाले. "मास्तरानं कुठी? मी फसवलं मास्तराले."

मी उंबऱ्यावरच बसलो.

एका हंगामात कंपनीत गडचिरोलीकडचा एक नवा नट आला होता. त्याच्यात आणि भाऊंमध्ये काहीतरी झालं, हंगामापुरतं. मास्तरांना ते समजलं. ते काही बोलले नाहीत. भाऊ घरी आले तेव्हा त्यांची पिशवी बाहेर ओट्यावर ठेवलेली होती. भाऊ परत परत सांगायला गेले. पण त्यांनी तोंड उघडलं की मास्तर पेटी पुढे ओढायचे आणि वाजवायला लागायचे. भाऊ थांबले की पेटी थांबायची. भाऊंनी "मास्तर" म्हटलं की पेटी सुरू.

"भैरवी वाजवत तेवढ्यासाठी," भाऊ म्हणाले. "म्हंजे संपलं म्हून समज, जाय."

मी किती दिवस या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून 'ज्याचं जळते' ऐकवत होतो! अर्णवला घातलेली प्रत्येक शिवी मी त्यांना तोंडावर वाचून दाखवली होती. कुत्र्यासकट.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पेटी वाजवली नसती, तं काय सांगतलं असतं तुमी मास्तराले?"

भाऊंचा तळवा तोंडाशी गेला. ओठ हलले. पण काहीच आलं नाही.

"मालूम नाई," ते म्हणाले. "तेच तं तुमाले इचारून राह्यलो होतो मी. तुमी लिवनारे आहा. मले वाटलं, तुमाले येत असन."

मला येत नव्हतं. आधी अर्णवला जिवंत करणं आलं. मी लिहिलं की ट्रकखाली गेला तो दुसराच कुणी होता, त्याने अर्णवचं जॅकेट घातलं होतं. सांगलीच्या बाईंनी विचारलं, "ताई, कोरपन्यात एप्रिलमध्ये जॅकेट?" भूगोलाने मला पुन्हा दगा दिला. पण त्याहून कठीण होतं ते अर्णवला बोलतं करणं. मी त्याच्यासाठी एकाहून एक भाषणं लिहिली. वादळ आलं, वणवा आला, नियती आली. भाऊ आता रोज संध्याकाळी येऊन ऐकायचे आणि मान हलवायचे. "हे तुमीच बोलून राह्यले, सर. तो नाई."

भाऊ सोडले, तर फसवणारा असा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता. मी त्याला फोन केला. कथेसाठी माहिती हवी म्हणून, असं मी स्वतःला बजावलं आणि नवा शर्ट घालून कोरपन्याच्या बसमध्ये बसलो.

स्टँडजवळच्या हॉटेलात तो आला. थोडा बारीक झाला होता. चहा आला, आणि मी सरळ विचारलं, "काऊन केलं तसं?"

त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "चुकलो मी. ते आहेच. पन तू इचारलं म्हून सांगतो. मी काही बोललो का तू मोबाईल काढून लिवून घे. मंग तेच वाक्य तुह्या गोष्टीत कोनीतरी बोले. तू मले ऐकून नाई राह्यला, साठवून राह्यला, असं वाटे मले. तो नागपूरवाला काही हुशार नवता. पन मोबाईल खिशात ठेवून आयके."

माझा हात खिशात गेला होता. त्याने हाताकडे पाहिलं. मी रुमाल बाहेर काढला आणि घाम पुसला. कोरपन्याच्या उन्हात घाम खरा होता, एवढंच नशीब.

"हे पन लिवशीन ना?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. मी नाही म्हणालो. आम्ही आणखी एक चहा घेतला, त्याने त्याच्या आईच्या गुडघ्यांचं सांगितलं, मी ते ऐकलं. मग तो पाळीवर गेला. आमचं परत काही जमलं नाही, पण आता फोन करतो कधी कधी.

आणि मी ते लिहिलं. नाही म्हणालो होतो, तरी लिहिलं. अर्णव विराजला म्हणतो, "तू माझं बोलणं साठवत होतास, ऐकत नव्हतास. मला ऐकणारं माणूस हवं होतं." वाचून होईपर्यंत भाऊंनी मान हलवली नाही. संपल्यावर म्हणाले, "बोलला." मग थोड्या वेळाने, "सर, उद्या सुट्टी काढता का? वडस्याले जाऊ."

राजुरा ते वडसा म्हणजे बस बदलत बदलत अर्धा दिवस. सगळ्या रस्त्याने भाऊ ते वाक्य घोकत होते. वडस्याला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. स्टँडवरच्या भोजनालयात आम्ही जेवलो. भाऊंना भूक लागली की त्यांना काही सुचत नसे. पोळ्या, भात, परत भात, वर ताक. मग गल्ल्या पार करत, मास्तर आता राहत होते त्या त्यांच्या पुतण्याच्या घरी पोचलो.

मास्तर ओट्यावर खाटेवर बसले होते. फोटोतला देखणेपणा नाकात तेवढा उरला होता. बाजूला पेटी, कापडाने झाकलेली. त्यांनी भाऊंना पाहिलं, ओळखलं, आणि काही न बोलता पेटीवरचं कापड काढलं.

"मास्तर," भाऊ म्हणाले.

मास्तरांनी भाता दाबला. सूर निघाला.

भाऊ घाईघाईने म्हणाले, "तुमी माहं बोलनं साठवत होते मास्तर, ऐकत नवते..."

सूर थांबला. मास्तरांनी डोळे बारीक केले.

"काय साठवत होतो मी?"

भाऊ गडबडले. ते वाक्य कोरपन्याच्या माणसाचं होतं, माझ्याबद्दलचं होतं, त्यावर मी हात फिरवलेला होता; त्यांच्या मास्तरांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. माझ्या साहित्याचा आयुष्यात कुणाला काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच, की ते ऐकून एक पेटी बंद पडली.

भाऊ खाली बघत उभे. मला एकापेक्षा एक सरस वाक्यं सुचत होती. तोंडापर्यंत आलेली. मी ओठ दाबून धरले. तुम्हाला सांगतो, लिहिणाऱ्या माणसाला याहून जड काम नाही.

"तो गडचिरोलीचा पोट्टा..." भाऊ शेवटी म्हणाले. आवाज कुजबुजीचा नव्हता. फाटका, मोठा, त्यांचा स्वतःचा आवाज होता, आणि तो मी पहिल्यांदा ऐकत होतो. "नाटक झालं का सारे जन नटाइपाशी जात. तुमाले पन हार घालत. मी आपला सामान आवरत राहो. त्यानं एक दिवस मले इचारलं, भाऊ, जेवले का? तसं मले कोनी इचारत नसे, मास्तर. तुमी पन नाई. तेवढ्यासाठी गेलो मी. लहान गोष्ट आहे म्हून सांगाची लाज वाटे. मोठं काही असतं तं कवाच सांगतलं असतं."

आतून पुतण्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पेटीवर परत कापड घातलं, चारी बाजूंनी नीट केलं.

"मंग?" मास्तर म्हणाले. "जेवला का?"

मी सांगणार होतो, की हो, आत्ताच, स्टँडवर.

"नाई," भाऊ म्हणाले. "सकाळपासून काहीच नाई."

मास्तरांनी सुनेला आवाज दिला. आम्ही आत गेलो. ताटं आली. माझ्या पोटात तिळाएवढी जागा नव्हती, मी दोन घासांत हात धुतला. भाऊ जेवत राहिले. मास्तर शेजारी बसून "अजून घे" म्हणत होते आणि ते घेत होते. मी संध्याकाळच्या बसने एकटाच निघालो. भाऊ राजुऱ्याला परत आले नाहीत; पुढचे दोन हिवाळे मास्तरांपाशीच काढून ते तिथेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी. बस चुकेल म्हणून घाईत उठलो, दारातून वळून बघितलं, तर कपाळावर घाम आलेला, धाप लागलेली, आणि मास्तरांनी वाढलेला भात ते सावकाश संपवत होते.